दोन दस्ते कोरा कागद

बारावीच्या जीवशास्त्राची तयारी कुठून सुरू करू, असं विचारत कुणी आलं की मी त्याला आधी बैठकखान्यात पिटाळते. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून बाहेर पडायचं, उड्डाणपुलाखालची गर्दी ओलांडायची, की आलाच बैठकखाना बाजार. तिथं कागदाची दुकानं आहेत. दुकानदाराकडे ‘दिस्ता’ मागायचा. आपला दस्ता तोच, चोवीस तावांचा. असे दोन घ्यायचे, साधे, बिनरेघांचे. हायलायटर, रंगीत चिकटपट्ट्या, कडीची वही यांतलं काहीही आणायचं नाही. मूल थोडं हिरमुसूनच परत येतं. कारण त्याच्या मनात कॉलेज स्ट्रीटवरचं एखादं जाडजूड गाईड असतं, आणि कॉलेज स्ट्रीट तिथून चालत जाण्याइतका जवळ.

गाईडचं नंतर बघू. आधी हे अठ्ठेचाळीस ताव कसे संपवायचे ते सांगते.

माझ्याकडे येणारी मुलं बहुतेक गलाईवाल्यांच्या घरची. खानापूर, आटपाडी, तासगावकडून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर गेलेली आपली माणसं बऊबाजारातही आहेत, आणि बऊबाजारचा रस्ता पूर्वेकडे येत येत सियालदहलाच भिडतो. त्यामुळे माझ्या एका सतरंजीवर तीन बोर्डं बसतात. कुणी पश्चिम बंगालच्या उच्च माध्यमिक परिषदेचं, कुणी सीबीएसईचं, आणि एखादी अशी की नाव विट्याच्या कॉलेजात, परीक्षा महाराष्ट्र बोर्डाची, पण दिवाळीच्या सुट्टीत आईबापांजवळ इथं. पुस्तकं निराळी, पेपर निराळे. चूक मात्र तिघांचीही एकच: तिघंही जीवशास्त्र वाचतात.

दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं. तिसऱ्यांदा वाटतं, हे तर येतंच. ही ओळख फसवी असते. लगड पिवळीधमक दिसते म्हणून तुमचे वडील ती शुद्ध धरत नाहीत, टंच काढतात. तसा टंच अभ्यासाचाही काढावा लागतो आणि तो पुस्तक मिटल्यावरच निघतो. हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत लिहिणारे. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

तर हिशेब असा. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात पंधरा प्रकरणं आहेत. प्रत्येक प्रकरणाला तीन ताव, म्हणजे पंचेचाळीस. उरले तीन, त्यांचं शेवटी सांगते. एनसीईआरटीच्या पुस्तकात आता तेराच प्रकरणं राहिली आहेत, तेव्हा सीबीएसईवाल्यांकडे थोडे जास्त उरतील. बंगालच्या मुलांनी आपापल्या सत्राप्रमाणे वाटणी करावी. पहिला ताव प्रकरण वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसरा साधारण आठवड्यानं, तिसरा महिन्यानं. कोपऱ्यात तारीख घालायची. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायचं. दुसरी खोली नसेल, आणि या भागात ती बऱ्याच घरांत नसते, तर आईजवळ द्यायचं.

मग तावाच्या मधोमध प्रकरणातली मुख्य आकृती आठवेल तशी काढायची आणि तिच्याभोवती आठवेल ते लिहायचं. अडलं तिथं जागा मोकळी सोडून पुढं जायचं. अर्धा तास झाला की पुस्तक मागायचं, लाल पेन घ्यायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि राहिलेलं भरायचं. पहिला ताव लालेलाल होतो. मुलं लाजतात, एकाने तर फाडून टाकला होता. त्याला मी परत दस्ता आणायला पाठवलं, कारण लाल ताव हाच खरा माल. उद्या काय वाचायचं ते तोच सांगतो, आणि तेवढंच वाचायचं.

उदाहरण म्हणून सपुष्प वनस्पतींतला भ्रूणकोश घ्या. तिन्ही बोर्डांत हा आहेच. वाचताना सोपा वाटतो: गुरुबीजाणू मातृपेशी, तिचं अर्धगुणसूत्री विभाजन, चार गुरुबीजाणू, त्यांतले तीन नष्ट होतात, एक उरतो. उरलेल्याच्या केंद्रकाचं तीनदा सूत्री विभाजन होतं, दोन, चार, आठ केंद्रकं. आता न बघता काढा. बीजांडद्वाराच्या बाजूला काय, समोरच्या टोकाला काय, इथंच दहातली सात मुलं अडखळतात. द्वाराकडे अंडपेशी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन सहायक पेशी. समोरच्या टोकाला तीन प्रतिमुखी पेशी. मधल्या मोठ्या पेशीत दोन ध्रुवीय केंद्रकं. पेशी सात, केंद्रकं आठ. ज्याला हे पाठ असतं तो घाईत सात केंद्रकं आणि आठ पेशी लिहून मोकळा होतो. ज्यानं ते तीनदा काढलेलं असतं त्याचा हातच चुकत नाही, कारण मधल्या पेशीत दोन ठिपके दिल्याचं हाताला आठवतं. आणि आकृती जमली की पुढची दुहेरी फलनाची कथा आपोआप उलगडते. एक पुंयुग्मक अंडपेशीला मिळून द्विगुणित युग्मनज होतो, दुसरा त्या दोन ठिपक्यांना मिळून त्रिगुणित भ्रूणपोष होतो. तीन का, हे वेगळं पाठ करावं लागत नाही, ठिपके मोजले की झालं.

अशीच आकृती परागकोशाच्या आडव्या छेदाची, डीएनएच्या प्रतिकरणाची, लॅक ओपेरॉनची, प्रतिपिंडाच्या रेणूची, हृदयाच्या उभ्या छेदाची. सुंदर काढायची गरज नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेली मुलं छटा भरत बसतात आणि नावं द्यायला वेळ उरत नाही. पेन्सिल एकच, रेघ एकच, छटा नाही. नावांच्या रेघा पट्टीनं, एकमेकींना न छेदणाऱ्या, शक्यतो सगळ्या उजवीकडे. परीक्षक नावं बघतो.

आता भाषेचं. गावाकडून आलेल्या मुलांचं दहावीपर्यंतचं विज्ञान बऱ्याचदा मराठीतून झालेलं असतं, अकरावीला एकदम इंग्रजी. ते घाबरतात आणि मराठी शब्द टाकून देतात. टाकू नका. तंतुकणिका म्हटलं की धाग्यासारखा कण डोळ्यांपुढे येतो, मायटोकाँड्रिया या नावाचा अर्थही ग्रीकमध्ये नेमका तोच आहे. परागण, बीजांड, परिसंस्था या शब्दांना आधीच अर्थ आहे, त्यांच्यावर इंग्रजी नाव टांगून ठेवा. तावावर पहिल्या फेरीत मराठी चालेल, दुसरीपासून ज्या भाषेत पेपर लिहिणार तीच. इथं मात्र तिसरीच भानगड होते, शेजारी बंगालीतून शिकणारा मित्र असतो. त्याचं श्वसन ते आपलंही श्वसन, पण त्याचं ‘रेचन’ म्हणजे मूत्रपिंडांचं उत्सर्जन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या एका मुलीला वाटलं बंगालमध्ये एरंडेलावर अख्खं प्रकरण आहे. हसून झाल्यावर ती उत्सर्जनाचं प्रकरण कधी विसरली नाही.

इंग्रजी स्पेलिंगांत काही जोड्या जीवघेण्या आहेत. इलिअम एका स्पेलिंगनं लहान आतड्याचा भाग, दुसऱ्यानं कमरेचं हाड. युरेटर आणि युरेथ्रा. डीएनएतला थायमिन आणि जीवनसत्त्वातला थायमिन. या जोड्यांची यादी करा, ती पुढं लागणार आहे. शास्त्रीय नावात पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, आणि हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ.

सियालदहला राहणाऱ्या मुलांची मला एका बाबतीत असूया वाटते. त्यांच्या अभ्यासक्रमाचा बराच भाग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेला आहे आणि त्यांना ते ठाऊक नसतं. स्टेशनासमोरचा मोठा रस्ता उत्तरेकडे आचार्य प्रफुल्लचंद्रांच्या नावाचा, दक्षिणेकडे आचार्य जगदीशचंद्र बोसांच्या. गंमत म्हणजे बोसांनी ३० नोव्हेंबर १९१७ ला उघडलेलं बसु विज्ञान मंदिर प्रफुल्लचंद्रांच्या रस्त्यावर आहे. वनस्पतींच्या वाढीचं प्रकरण चालू असेल तर एकदा त्या दारापर्यंत चालत जा. क्रेस्कोग्राफ हा शब्द ज्या माणसामुळे आपल्या पुस्तकात आला त्याची ती संस्था. झाडाची डोळ्यांना न दिसणारी वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारं ते यंत्र. घरी येऊन त्यावर दोन ओळी लिहा, विसरणार नाहीत.

दक्षिणेकडे वळलं की निलरतन सरकार मेडिकल कॉलेज. पूर्वीचं नाव कॅम्पबेल. कालाआजारावरचं युरिया स्टिबामाइन उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या सुमारास इथल्याच एका लहान खोलीत बनवलं. रोगजंतू लेश्मानिया, वाहक वाळूमाशी. आदिजीवांमुळे होणाऱ्या रोगांच्या तक्त्यात ही ओळ आता वेगळी दिसेल. शंभुनाथ दे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोरीनं बांधून पटकीच्या जंतूंवर केलेलं काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा ते इथंच होते. पुढं १९५९ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की जंतू गाळून काढलेलं द्रावणही आतड्यात पाणी आणतं, म्हणजे काम विषाचं. तेच विष पेशीतलं चक्रीय एएमपी वाढवतं. संप्रेरकांच्या प्रकरणात दुसरा संदेशवाहक म्हणून भेटतं ना, तेच हे. आणि पटकीवरचं साधं मीठ-साखर-पाणी मोठ्या प्रमाणावर कुठं वापरलं गेलं? सियालदहहून जी बनगाव लोकल सुटते तिच्या शेवटच्या स्टेशनाच्या गावी. १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, डॉ. दिलीप महालनबीसांच्या हातून. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर नेतं आणि त्यामागून पाणी जातं, एवढंच त्यामागचं शरीरक्रियाशास्त्र.

प्रजनन स्वास्थ्याचं प्रकरण मी इथं याच रस्त्यावरून सुरू करते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय या निलरतन सरकार कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली. इंग्लंडातल्या जगातल्या पहिल्या परीक्षानळी बाळानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी. तेव्हा त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आपल्याला शाळेत शिकवतात ती भारतातली पहिली म्हणजे हर्षा, ६ ऑगस्ट १९८६, मुंबईचं केईएम, डॉ. इंदिरा हिंदुजा. पण हर्षाच्या वेळच्या मुंबईच्या गटातलेच शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांचे कागद तपासले आणि १९९७ मध्ये मान त्यांचा आहे असं जाहीर सांगितलं. ही गोष्ट एकदा ऐकली की फलन शरीराबाहेर, मग आठ पेशींपर्यंतचा भ्रूण असेल तर तो अंडनलिकेत सोडायचा, त्याहून मोठा असेल तर गर्भाशयात, हे सगळं एका दोऱ्यात येतं.

एक ताकीद. ही गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहायची नाही. तीन गुणांच्या प्रश्नाला इतिहास लिहीत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. गोष्ट डोक्यात ठेवायची ती खुंटी म्हणून, कागदावर उतरवायचं ते खुंटीला टांगलेलं.

भाजीबाजाराचंही तसंच. स्टेशनाशेजारच्या कोले मार्केटमध्ये सकाळी ट्रक रिकामे होत असतात तेव्हा अर्धा तास फिरा, पण धक्के खायची तयारी ठेवा. आल्यावर पेरं आणि खवले दिसतात म्हणून ते खोड. बटाट्याचे डोळे म्हणजे मुकुल, म्हणून तोही खोड. रताळ्याला यांतलं काही नाही, ते मूळ. कांद्यात जे खातो ती पानं. बंगाली माणसाचा लाडका पटोल, आपलं परवल, त्याची नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. पपईचंही तेच. त्यामुळे त्यांच्यात स्वपरागण होऊच शकत नाही, ना एकाच फुलात ना एकाच झाडाच्या दोन फुलांत. मक्यात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर वेगवेगळी, म्हणून पहिलं टळतं, दुसरं टळत नाही. या फरकावर दोन गुणांचा प्रश्न हमखास बसतो. विट्यात राहणाऱ्यांनी आठवडे बाजारात जावं, पपई तिथंही आहे.

परिसंस्थेसाठी पूर्वेला पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागा. साडेबारा हजार हेक्टर, २००२ पासून रामसर यादीत. शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात, तिथल्या लोकांच्या भाषेत भेऱ्या, ऊन आणि शैवालं आपलं काम करतात, आणि त्याच पाण्यात मासे वाढतात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजे काय हे पुस्तकातल्या टाकीच्या चित्रापेक्षा इथं चटकन कळतं: पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त, ती फस्त करायला जिवाणूंना ऑक्सिजन तितका जास्त, म्हणजे आकडा मोठा तर पाणी वाईट. दक्षिणेला कॅनिंग लोकल धरली की सुंदरबनाची वाट. खारफुटीची हवेत डोकावणारी श्वसनमुळं आणि झाडावरच रुजणारं बी, अनुकूलनाची दोन उदाहरणं. कोकणातल्या, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांना त्यासाठी कुठंच जायला नको, खाडीवर उभं राहिलं की पुरे. जैवविविधतेच्या प्रकरणात देवराई येते तिथं आपण मराठी माणसं आधीच पुढं असतो.

आनुवंशिकी ही मात्र चालून, बघून येत नाही. ती गणितासारखी सोडवावी लागते, रोज दोन उदाहरणं, जेवणाआधी. सीबीएसईत आनुवंशिकी आणि उत्क्रांती मिळून सत्तरपैकी वीस गुण आहेत, तेव्हा मी दुसऱ्या कुठल्याही प्रकरणापेक्षा इथं जास्त वेळ घालवते. पनेटचा चौकोन काढायला कंटाळू नका. ९:३:३:१ सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातल्या नऊमध्ये शुद्ध किती असं विचारलं की शांतता. उत्तर एक. चौकोन स्वतः भरला असेल तर ते समोर दिसतं.

वंशावळीच्या तक्त्यात दोन प्रश्न विचारायचे. आईबाप दोघंही निरोगी आणि मूल बाधित? मग गुण अप्रभावी आहे. बाधित मूल मुलगी आहे आणि तिचा बाप निरोगी? मग तो एक्स गुणसूत्रावरचा अप्रभावी असू शकत नाही, कारण मुलीला बापाचा एक्स मिळतोच. हे दोन प्रश्न बहुतेक तक्ते सोडवून देतात.

बंगालमध्ये थॅलेसेमियाचं नाव घराघरांत ठाऊक असतं, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचं. पेपरात दोघांतला फरक विचारतात आणि मुलं दोन्हीकडे ‘रक्ताचा आजार’ असं लिहितात. सिकलसेलमध्ये ग्लोबिन पुरेसं बनतं पण सदोष, बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. थॅलेसेमियात ग्लोबिनची साखळीच कमी बनते. एक दर्जाचा प्रश्न, दुसरा प्रमाणाचा. गलाईच्या भाषेत, एकात भेसळ, दुसऱ्यात तूट. दोघांचंही संक्रमण अलिंग गुणसूत्रावरून, अप्रभावी. दोन वाहकांना होणाऱ्या प्रत्येक मुलाला पंचवीस टक्के धोका. ‘चार मुलांपैकी एकाला’ असं लिहू नका. पहिलं मूल बाधित झालं म्हणून पुढची तीन सुटत नाहीत. हे घरातही समजावून सांगा, लग्नं ठरताना उपयोगी पडतं.

आता पेपर. महाराष्ट्र बोर्डाचा पेपर तीन तासांचा, सत्तर गुणांचा, प्रात्यक्षिकाचे तीस वेगळे. पहिला प्रश्न दहा बहुपर्यायींचा, दुसरा एकेका गुणाच्या आठ प्रश्नांचा. मग बारापैकी आठ दोन गुणांचे, बारापैकी आठ तीन गुणांचे आणि पाचपैकी तीन चार गुणांचे. बहुपर्यायीत नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहून चालत नाही, दोन्ही लिहायचं, आणि पहिलाच प्रयत्न धरला जातो. या दोन सूचना छापलेल्या असूनही दरवर्षी कुणीतरी गुण घालवतं. प्रत्येक विभाग नव्या पानावर. मी मुलांना चार गुणांचे प्रश्न आधी सोडवायला सांगत नाही, डोकं गरम व्हायला बहुपर्यायी बरे असतात. पण दीड तास झाला की चार गुणांचा एक तरी लिहून झालेला हवा.

सीबीएसईत तेहतीस प्रश्न: सोळा एका गुणाचे, पाच दोनचे, सात तीनचे, दोन उताऱ्यावरचे चार-चारचे, तीन पाचचे. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचायला असतात. त्यात पाच गुणांच्या प्रश्नांतले पर्याय ठरवून टाका, नंतर मन बदलू नका.

पश्चिम बंगालने २०२४ पासून अकरावी-बारावीला चार सत्रं आणली. बारावीचं तिसरं सत्र पहिल्यांदा सप्टेंबर २०२५ मध्ये झालं, सगळं बहुपर्यायी, ओएमआर कागदावर गोल भरायचे. चौथं फेब्रुवारीत, लिहायचं. जीवशास्त्राला दोन्हीकडे पस्तीस-पस्तीस. इथल्या मुलांचा एक घोळ होतो. तिसऱ्या सत्रात चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायची सवय लागते, आणि फेब्रुवारीत कोऱ्या कागदासमोर एक वाक्य सुचत नाही. म्हणून पर्याय झाकून प्रश्न वाचा, उत्तर मनात म्हणा, मगच हात काढा. तयारी पहिल्यापासून लिहायच्या परीक्षेची करा, गोल भरणं त्यात आपोआप येतं. उलटं होत नाही.

तीन गुण म्हणजे तीन मुद्दे, शक्य तिथं एक छोटी आकृती. फरक विचारला की दोन रकाने, आणि दोन्ही रकान्यांत एकाच बाबीबद्दल बोला. डावीकडे रंग आणि उजवीकडे आकार असा फरक होत नाही. ‘का’ विचारलं असेल तर ‘कसं’ लिहू नका.

आणि आता ते गाईड. बंगाली मुलांकडे ‘टेस्ट पेपर’ नावाचा जाड ग्रंथ असतो, वेगवेगळ्या शाळांच्या पूर्वपरीक्षेच्या पेपरांचा. आपल्याकडचं एकवीस अपेक्षित त्याचंच भावंड. दोन्ही चांगली, पण तिसरा ताव झाल्यानंतर. त्याआधी घेतली तर मुलं उत्तरं वाचत सुटतात आणि पुन्हा वाचण्याच्याच खड्ड्यात पडतात. जुनं, दुसऱ्यानं वापरलेलं पुस्तक घेत असाल तर आधीच्या मालकानं रंगवलेल्या ओळींवर विसंबू नका. शिवाय अभ्यासक्रम बदललेला असतो, गेल्या काही वर्षांत एनसीईआरटीनं प्रकरणंच्या प्रकरणं गाळली आहेत.

प्रात्यक्षिकाचे तीस गुण फुकटचे समजून दुर्लक्ष करू नका. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा काचपट्टीवरचा नमुना घरी जमणार नाही, पण कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवून मुळं फुटताना बघता येतील. डीएनए मात्र स्वयंपाकघरात निघतो: कुस्करलेलं केळं, मीठ, भांड्यांच्या साबणाचे थेंब, गाळणी, आणि वरून हळूच ओतलेलं बर्फासारखं थंड स्पिरिट. पांढरे धागे वर येतात. आईला दाखवा. तोंडी परीक्षेत साबण कशाला असं विचारलं तर पेशीपटल फोडायला, हे न अडखळता येईल.

नीट देणारी मुलं विचारतात, दोन अभ्यास कसे करू? दोन नाहीतच. नीटच्या एकशे ऐंशी प्रश्नांपैकी नव्वद जीवशास्त्राचे असतात आणि ते एनसीईआरटीच्या ओळीओळींतून येतात. महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांनी त्यासाठी एनसीईआरटी शेजारी ठेवावं. पण बोर्डाच्या परीक्षेआधीचा महिना बोर्डालाच द्या.

घरच्यांना एकच विनंती. रात्री दोनपर्यंत दिवा चालू दिसला की कौतुक करू नका. झोपेत आठवणी पक्क्या होतात, जागरणात त्या गळतात. पेढीवर कारागीर रात्री काम करतात, भट्टी चालू असते, आवाज असतो, हे मला माहीत आहे. तरी पहाटेचे दोन तास तेवढे शांत मिळवून द्या. मूल वरच्या माळ्यावर बसतं की जिन्यात, त्यानं फरक पडत नाही.

आता ते उरलेले तीन ताव.

एकावर जीवघेण्या स्पेलिंगांची यादी. दुसऱ्यावर सगळे आकडे आणि प्रमाणं: ९:३:३:१, सात पेशी आठ केंद्रकं, सहावी जागा, अ‍ॅडेनिनला थायमिनशी बांधणारे दोन बंध आणि ग्वानिन-सायटोसिनमधले तीन. तिसरा परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लिहायचा. सगळ्या तिसऱ्या तावांवर जे अजूनही लाल राहिलं तेवढंच त्यावर उतरवायचं, बारीक अक्षरात, एका बाजूला. सकाळी बाकी काही वाचायचं नाही, तो एक ताव घडी घालून खिशात. दमदमहून लोकलनं येत असाल तर गाडीत एकदा उघडा, सियालदहला उतरताना मिटा. केंद्राच्या फाटकापाशी झालमुडीवाला उभा असतोच, आत जाण्याआधी तो त्याला देऊन टाका. त्याला ठोंगा करायला कागद लागतो.